नानकटाईची जातकुळी

दिवाळीच्या फराळात लाडू, चकली, चिवडा, शंकरपाळे, करंजी आणि अनारसे यांच्या बरोबरीने नागपुरातल्या पुष्कळ घरी एक डबा नानकटाईचा असतो. बाकीचे सारे पदार्थ घरच्या शेगडीवर तळले किंवा भाजले जातात. नानकटाईसाठी मात्र घरचेच पीठ, घरचीच साखर आणि घरचेच तूप डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यावे लागते. म्हणजे हा पदार्थ धड घरचा नाही आणि धड विकतचाही नाही. त्याची ही मधली अवस्था कशी झाली असावी, याचा शोध घेता घेता मी सुरतेपर्यंत आणि तिथून पुण्याच्या पंचहौदापर्यंत जाऊन पोचले. हाती जे लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मी उमरेड तालुक्यातल्या एका खेड्यातून शिकायला आले आहे. कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिलीच. आमच्याकडे बेकरीचा माल म्हणजे 'टोस' आणि फार झाले तर खारी. आठवडी बाजारात नानकटाई काचेच्या बरणीत दिसायची. पण तेवढ्या पैशात टोसचा अख्खा पुडा येतो आणि तो चहात बुडवून घरातली सारी माणसे खातात, असा आईचा हिशोब. त्यामुळे बरणी पाहणे आणि पुढे जाणे, एवढीच आमची ओळख. गेल्या दिवाळीच्या आधी वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईने मला हाताशी घेतले आणि आम्ही तिघी इतवारीतून मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन मोमिनपुऱ्याकडच्या एका जुन्या बेकरीत गेलो. नानकटाई मी तिथे पहिल्यांदा खाल्ली, आणि तीही होताना पाहून खाल्ली.

प्रमाण काकूंना तोंडपाठ होते. एक किलो मैद्याला पाऊण किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर. मूठभर बेसन, तेवढाच रवा, वेलदोड्याची पूड, चिमूटभर सोडा आणि नावापुरते मीठ. ही यादी वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही : यात पाणी नाही. अंडे नाही, ताडी नाही, यीस्ट नाही. पीठ भिजते ते केवळ तुपात. बेकरीतला कारागीर मोठ्या परातीत आधी तूप आणि साखर तळहाताने फेटतो. पिवळसर तूप हळूहळू पांढरे होते, फुगते, आणि त्याचा थेंब पाण्यात टाकला तर तरंगतो. तरंगला की फेटणे पुरे. मग मैदा घालायचा, आणि इथे हात आखडता घ्यायचा. पोळीची कणीक आपण जितकी मळावी तितकी चांगली. नानकटाईचे पीठ जितके कमी मळावे तितके चांगले. मैद्यात पाणी पडून तो मळला गेला की त्यातल्या ग्लुटेनचे धागे जुळतात आणि पीठ चिवट होते. पोळी लाटता येते ती त्यामुळेच. इथे तुपाने मैद्याच्या कणाकणाला वेढलेले असते, धागे जुळायला वावच मिळत नाही, म्हणून भाजल्यावर जे हाती येते ते दातांना न विचारताच विरघळते. स्कॉटलंडमधला शॉर्टब्रेड आणि अरब देशांतला घुरैबा हे पदार्थ याच युक्तीवर उभे आहेत. युक्ती एकच, घरे निरनिराळी.

वरच्या तड्यांचेही असेच. नानकटाई गुळगुळीत निघाली तर काकू नाराज होतात. तिला तडे हवेत. भट्टीत गेल्यावर गोळा तुपामुळे सैल होऊन पसरू लागतो आणि त्याच वेळी त्याची वरची साय वाळून घट्ट होते. आतून सोड्याचा वायू वर ढकलतो, वरची साय ताणली जाते आणि फाटते. शेतातल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात तसे काहीसे. आकार अर्थात चांगला.

आता भट्टीविषयी. आपल्या स्वयंपाकघरात चूल आहे, तवा आहे, कढई आहे. चहूबाजूंनी कोरडी धग लागेल अशी सोय मात्र नाही. अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांना रोडगे ठाऊक आहेत : गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे पुरायचे, राख झटकायची, वरून तूप ओतायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. पण रोडगे हे शेतातले, देवळापुढचे, पंगतीचे काम. रोज भट्टी कोण पेटवणार? ती बेकरीवाल्याचीच.

लाकडाची भट्टी म्हणजे विटांची बुटकी घुमटी. आत लाकडे पेटवून विटा तापवतात, निखारे ओढून काढतात, लांब बांबूला बांधलेले ओले पोते जमिनीवरून फिरवून राख पुसतात आणि तोंड झाकतात. यानंतर आत जाळ नसतो. विटांनी साठवलेली धगच काम करते. ही धग तासातासाने उतरत जाते आणि बेकरीचा सारा दिवस त्या उताराप्रमाणे आखलेला असतो. धग कडक असते तेव्हा पाव. ती जरा नरमली की नानकटाई, कारण कडक धगीत तिचे तूप आधी सुटते आणि बूड करपते. सर्वांत शेवटी टोस : कालच्या पावाचे काप उरलेल्या उबेत सावकाश वाळत ठेवायचे. बिस्किट या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये 'दोनदा शिजवलेले' असे आहे. म्हणजे शब्दाला धरून चालायचे तर आमच्या गावचा टोस हाच खरा बिस्किट, आणि एकदाच भाजली जाणारी नानकटाई त्या नावाला पात्र नाही. इंग्रजीच्या आमच्या प्राध्यापकांनी हे ऐकून मला चहा पाजला.

भट्टीसमोर दिवाळीच्या आठवड्यात रांग असते. ज्याच्या त्याच्या डब्यावर चिठ्ठी; गोळे ट्रेवर मांडले की चिठ्ठी ट्रेच्या कोपऱ्यात गोळ्याखाली दाबून ठेवायची. मजुरी किलोवर. मांडणी घरची माणसे करतात, कारण प्रत्येक घरचा अंगठ्याचा ठसा वेगळा. कुणी मधोमध चारोळी टोचते, कुणी पिस्त्याचा काप, कुणी चाकूने फुली. काकूंनी मला चारोळ्यांचे काम दिले. भट्टीत ट्रे शेजारी शेजारी जातात. बाहेर आल्यावर गरम नानकटाईला हात लावू देत नाहीत, कारण ती तेव्हा मऊ असते आणि उचलताच ढासळते. निवाली की खुटखुटीत होते. एक ढासळलेली मात्र मला मिळाली. तिची चव सांगायची तर आधी वेलदोडा, मग भाजक्या बेसनाचा लाडवासारखा वास, मग तूप, आणि मग टाळूला चिकटून बसलेली कोरडी भुकटी, जी चहाशिवाय हलत नाही. नुसती खाण्यापेक्षा चहाबरोबरच ती बरी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

नावाची कथा थोडक्यात सांगते. 'नान' हा फारसी शब्द. अर्थ भाकर किंवा पाव. 'खताई'विषयी दोन मते आहेत. एक मत असे की खताई म्हणजे सहा, आणि पूर्वी या पदार्थात सहा जिन्नस पडत म्हणून हे नाव. परंतु फारसीत सहाला 'शश' म्हणतात, तेव्हा हे मत मला पटत नाही. दुसरे मत असे की खता म्हणजे उत्तर चीनचा प्रदेश. तिथे राज्य केलेल्या खितान लोकांवरून पडलेले हे नाव. रशियन भाषेत चीनला आजही 'किताय' म्हणतात. तर नानखताई म्हणजे 'चिनी पाव', जशी आपली साखर एका प्रकारात 'चिनी' झाली आहे तसे. मराठीत येता येता खताईचे कटाई झाले आणि कशाचा कशाशी संबंध राहिला नाही.

तिचा आजचा अवतार मात्र सुरतेचा मानला जातो. सतराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी तिथे वखार घातली. १८२४ च्या इंग्रज-डच तहानंतर ते सुरतेहून गेले. त्यांच्यासाठी पाव भाजणारे कारागीर पारशी होते आणि भट्टी त्यांच्याकडे आली, असे सुरतेत सांगतात. फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्या नावाची बेकरी आपला आरंभ १८६१ पासून मोजते. पाव फुगवायला त्या काळी ताडी वापरीत, आणि पुष्कळ मालात अंडे पडे. गोरे गेले आणि गिऱ्हाईक गेले. गावातले लोक ताडीच्या आणि अंड्याच्या मालाला शिवेनात. तेव्हा दोन्ही काढून, तूप आणि साखर वाढवून, स्थानिक मिठाईच्या धर्तीवर नवा पदार्थ बसवला गेला, अशी ही परंपरागत हकीकत आहे. तिच्यातला तपशील थोडा इकडेतिकडे असू शकेल. पण तिच्यातला व्यवहार मला खरा वाटतो. दुकानदाराने गिऱ्हाइकाचे सोवळे ओळखले आणि त्या मापाने माल शिवला.

हे सोवळे किती कडक होते, ते आज आपल्याला सहज कळायचे नाही. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज. वसई-गोव्याकडे विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या लोककथा आजही सांगितल्या जातात. इतिहासाच्या आमच्या सरांना मी याविषयी विचारले तेव्हा त्यांनी परमहंस सभेकडे बोट दाखवले. मुंबईत १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग प्रभृतींनी काढलेली ही गुप्त मंडळी जातिभेद मानीत नसे. पण नुसते 'मानीत नाही' म्हणून चालत नसे. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली, तेव्हा एवढे विद्वान लोक घाबरले आणि सभाच मोडली. पावाच्या एका तुकड्याची ही ताकद!

दुसरी गोष्ट पुण्याची आणि अधिक प्रसिद्ध. १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या शाळेत व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी पेला तसाच ठेवला. गोपाळराव जोशी या खटपटी गृहस्थाने, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर राहिलेल्यांची नावे छापून आणवली आणि पुण्यात आग लागली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. मासिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ही हकीकत चहाची म्हणून ऐकली असेल. बशीत बिस्किटेही होती, हे ध्यानात घ्यावे.

मग नानकटाई कशी चालली? याचे उत्तर मला एका वेगळ्याच जागी सापडल्यासारखे वाटते. आपल्याकडे जुन्या चालीत अन्नाचे सोवळे-ओवळे ठरे ते पुष्कळसे पाण्यावर. पाण्यात शिजलेला भात खरकटा. तो हातचा पाहूनच खायचा. पण लाह्या, फुटाणे भडभुंज्याकडचे चालत, कारण ते कोरडे भाजलेले. तुपात तळलेले पुष्कळ ठिकाणी चाले. आणि दशमी! पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की त्या भाकरीला खरकटेपण लागत नाही, म्हणून ती प्रवासात बांधून न्यायची सोय. नानकटाईत तर पाण्याचा थेंब नाही. तूप आहे आणि कोरडी धग आहे. जुन्या शास्त्राला अडवायला तिच्यात काही उरतच नाही. वर पीठ, तूप, साखर सारे घरचे. बेकरीवाल्याचे काय, तर फक्त विटांतली ऊब. आणि अग्नीला विटाळ नाही, हे तर सर्वांनाच मान्य. ज्या घरात पाव यायला आणखी पन्नास वर्षे लागली असतील त्या घरात नानकटाई पुढच्या दाराने आली असावी ती यामुळे, असा माझा तर्क आहे. कुणा जाणत्याने तो खोडून काढला तर मला आनंदच होईल.

इथवर लिहून मी हा लेख संपवणार होते. पण दिवाळीला गावी जाताना काकूंनी अर्धा डबा माझ्याबरोबर दिला आणि आमच्या घरी तो उघडला गेला, तेव्हा आजीने एक नानकटाई हातात घेऊन उलटी करून बुडाचा रंग पाहिला आणि म्हणाली, "हे पाववाल्याच्या पेटीत राहे." मी तिला पंचहौदाची गोष्ट सांगितली. रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले हे ऐकून तिला हसू आवरेना. मग ती तिचे सांगू लागली.

ती लहान असताना गावातल्या चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी वेगळी असे. बाहेर, खोपीच्या वळचणीला. ज्याची त्याने विसळून ठेवायची, आणि चहा वरून ओतला जायचा. पैसेसुद्धा दगडावर ठेवायचे. तसल्या गावात आठवड्यातून दोनदा उमरेडवरून सायकलवर पत्र्याची पेटी बांधून एक मुसलमान पाववाला येई. "पाच पैशाचा टोस हातात देये तो," आजी म्हणाली, "वरून नाही टाके. हात लागला तं लागला." मी विचारले, तुला तेव्हा काय वाटायचे? "काय वाटनार वं? टोस गोड लागे." थोड्या वेळाने तिनेच पुस्ती जोडली, "पैसे मात्र सोडत नव्हता. एक पैसा कमी असला तं अर्धा टोस मोडून घेये."

परमहंस सभा, पंचहौद आणि सुरतेची हकीकत, या तिन्ही गोष्टी ज्यांचे काही बाटू शकत होते त्यांच्या आहेत. पाव खाल्ला तर काय गमावू, हा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न खोटा नव्हता. रानड्यांच्या घरात त्याने किती क्लेश झाले असतील याची कल्पना करता येते. परंतु माझ्या आजीला टोस खाऊन गमावण्यासारखे काही नव्हते. तिच्या वाट्याला त्या पेटीतून आला तो एक हात, जो मागे सरकला नाही. हे कुठल्या पुस्तकात मला सापडले नाही, आणि पाववाल्याने काही समाजसुधारणा म्हणून केले असेही नाही. त्याला पेटी रिकामी करून दिवस बुडायच्या आत उमरेडला पोचायचे होते. दुकानदारी माणसाला सुरतेत सोवळे पाळायला शिकवते आणि आमच्या गावात ते विसरायला लावते, एवढेच त्यातून दिसते. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात जे घडले त्यानंतर आमच्या गावातल्याही गोष्टी बदलत गेल्या. वळचणीची कपबशी केव्हा नाहीशी झाली ते आजीला नक्की आठवत नाही. पाववाल्याची सायकल कोणत्या झाडाला टेकलेली असे, ते मात्र ती दाखवते.

मोमिनपुऱ्याच्या त्या भट्टीपुढे मी पुन्हा एकदा, संक्रांतीनंतर, गेले होते. रांग नव्हती. भट्टी लाकडाचीच आहे. पण मुंबईत उच्च न्यायालयाने २०२५ च्या आरंभी लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या बदलण्यास सांगितल्यापासून इथेही त्याची चर्चा चालते, असे चाचा म्हणाले. गॅसवर किंवा विजेवर नानकटाई होते, चांगली होते. फक्त त्या भट्टीत उतरती धग नसते, हवे ते तापमान आकड्यावर लावायचे. मग पावानंतर नानकटाई आणि नानकटाईनंतर टोस हा क्रमही उरण्याचे कारण नाही.

मी गेले होते आईचे काम घेऊन. नानकटाई तिला आवडली. पण मैदा पोटाला जड आणि विकतचा, तेव्हा घरच्या ज्वारीची होईल का, असे तिने विचारून ठेवले होते. मी घरी बसून हिशोब केला होता : ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणजे चिवटपणाचे भय नाही, पण मग गोळा एकत्र धरून ठेवायलाही काही नाही. निम्मे बेसन घातले तर कदाचित धरेल. चाचांना हे सारे मी शास्त्रशुद्ध सांगितले. त्यांनी ज्वारीचे पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहिले.

"पैले आधा किलो लाके देख, बेटी," ते म्हणाले. "बिखर गया तो नुकसान तेरा. मजुरी मैं नहीं लूंगा."

पीठ परवा गावाहून यायचे आहे.